पहिल्या पाळीची किक

पौषातल्या त्या शनिवारी समाधाननं पहाटे पाचला गाडीला पहिली किक मारली, आणि साडेपाच वाजले तरी तो किकच मारत होता. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर आणि पायात स्लिपर. बूट घालून किक मारली की बुटाचा तळ सुटतो, हे त्याला मागच्याच महिन्यात समजलं होतं. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. गाडीतून मात्र पेट्रोलच्या वासाखेरीज काहीही निघत नव्हतं.

समोरच्या ओट्यावर धनसिंग मशेरी लावत बसला होता. घरात बटण दाबलं की सुरू होणारी नवी गाडी असल्यामुळे त्याला सकाळी दुसरं काम नव्हतं.

"कितली व्हयन्यात रे, समाधान?"

समाधाननं पुढची किक मारली.

"बत्तीस व्हयन्यात. मी मोजी ऱ्हायनू." धनसिंग थुंकला. "भंगारवालाले दी टाक, भो. पायले आराम."

सारिकानं चुलीपुढून उठून पदर कमरेला खोचला. लग्न होऊन सात वर्षं झाली होती, आणि त्यातले गेले दोन महिने तिनं नवऱ्याची गाडी ढकलण्यात घालवले होते. "तुम्ही बठा, मी लोटस," ती म्हणाली. गल्लीला मारुतीच्या पारापर्यंत उतार आहे, त्याच्या भरवशावर ती धावत सुटली. बांगड्या वाजल्या, कुत्री भुंकली, पाराजवळ गाडीनं दोन ठसके दिले आणि काळा धूर सोडून ती एकदाची बोलती झाली. समाधान मागं न बघता निघून गेला. सारिका गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिली, आणि ती परत येईपर्यंत धनसिंग तिच्याकडे बघत होता.

हे सगळं झुंबरबाई दाराच्या आतून बघत होती. समाधानची माय. वय पासष्ट. नरडाण्याच्या फाट्यावर तिनं सव्वीस वर्षं चहाची टपरी चालवली. नवरा लवकर गेला, पण त्याची ही गाडी आणि तीन एकर कोरडवाहू रान तिनं त्या चहाच्या जोरावर सांभाळलं. रस्ता रुंद झाला तेव्हा टपरी गेली आणि झुंबरबाई घरी बसली. बसली म्हणजे काय, नुसती बसायचा तिला मनस्वी कंटाळा. सुनेला लोकांसमोर असं धावावं लागतं, हे तिला बघवत नव्हतं.

दुपारी समाधान आला तो भाकरीला हात न लावता खाटेवर पडला.

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो ठेकेदाराकडून हमाली करायचा. गठ्ठे उचलायचे, गाड्या भरायच्या. येत्या महिन्यात ठेकेदाराच्या चाळीस जणांतल्या सहा जणांना मशीनवर घेणार होते, कायमचे. समाधानचं नाव त्या सहांत होतं. मशीन त्याला येतही होतं, जेवणाच्या सुट्टीत बाजूला उभा राहून तो शिकला होता. प्रश्न एकच होता. पहिली पाळी सहाला सुरू व्हायची, गाव चौदा किलोमीटरवर, आणि त्या वेळेला ना एसटी ना जीप.

"आज बी लेट व्हयनू, माय," तो छताकडे बघत म्हणाला. "रुपचंद मुकादमनी बठ्ठासना समोर उभा करं. पोरंसोरं हासनात. आते आठ दिन दुपारनी पाळी शे. पुढला सोमवारपाइन पुन्हा पहिली. त्या दिन एक मिनिट लेट उना ते नाव काटसू म्हने."

"मंग दुपारले कशी चालू व्हस गाडी?"

"दुपारले एक किकमा व्हस. थंडीमाच तिले काय व्हस कोन जाने."

झुंबरबाई उठली आणि अंगणात गाडीजवळ जाऊन उकिडवी बसली. तिनं गाडीचा वास घेतला. हो, वासच. कुत्र्यानं घ्यावा तसा इंजिनाजवळ नाक नेऊन. मग तिनं हाक मारली. "समाधान, ते प्लग का काय म्हनतस ते काढ."

प्लग निघाला तो कोळशासारखा काळा आणि ओला. झुंबरबाईनं त्यावर बोट फिरवलं, बोटाची काजळी बघितली आणि तिचा चेहराच बदलला. ही काजळी तिच्या ओळखीची होती.

"भो, थंडा स्टोवले आपन पंप मारत ऱ्हायनूत ते काय व्हस? घासलेट भडभडा वर येस, भडका व्हस, पातेलं काळं व्हस. तुन्ही गाडी तेच करी ऱ्हायनी. हिले पेट्रोल कमी नई पडत. जास्त व्हस. पेट्रोल जठून येस ते माले दखाड."

"माय, हाई गाडी शे. स्टोव नई."

"दखाड म्हनं ना!"

त्यानं नाइलाजानं कार्बोरेटर उतरवला. वाटी खोलली, आणि त्यातून पितळेचे दोन बारके जेट काढून तिच्या तळहातावर ठेवले. एक छोटा, गाडी सुरू होताना आणि हळू चालताना पेट्रोल देणारा. दुसरा मोठा, वेगात पेट्रोल देणारा. झुंबरबाईनं छोटा जेट चिमटीत धरून उन्हाकडे केला. सव्वीस वर्षं तिनं स्टोव्हचं निप्पल असंच उन्हाकडे धरून बघितलं होतं. भोक गोल असलं की निळा जाळ. भोक फाटलं की पिवळा जाळ आणि काजळी, मग त्या निप्पलला कितीही पिन मारा, ते फेकायचंच.

हे भोक फाटलेलं होतं. एका बाजूनं पार खरवडलेलं.

"हाई भोक कोनी मोठं करं?"

"निंबा मिस्तरीनी साफ करं व्हतं, दिवाळीनी बखत. गाडी ओढत नव्हती म्हनीसन."

"कसावरी साफ करं?"

"पिनवरी."

"कसानी पिन?"

समाधान मान खाजवायला लागला. "निंबाजवळ बारीक तार नव्हती. मंग मी घरथून लयी गवतू. तुन्हा डबामाधली. स्टोवनी."

झुंबरबाईनं कपाळावर हात मारून घेतला. टपरीची आठवण म्हणून जपून ठेवलेल्या डब्यातली पिन, आणि तीही पोराच्याच हातानं गेलेली. स्टोव्हची पिन स्टोव्हच्या मापाची. ह्या बिचाऱ्या जेटच्या भोकाला ती म्हणजे सुईच्या नेढ्यात दाभण. निंबानं दोन्ही जेटमध्ये ती घालून गरागरा फिरवली होती.

मंगळवारी सकाळी मायलेक एसटीनं धुळ्याला गेले. समाधान म्हणत होता की मी एकटा जातो, पण झुंबरबाई आधीच लुगडं बदलून, जेट काडेपेटीत घालून दारात उभी होती. आग्रा रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानात गर्दी होती. मालकानं म्हातारी बघून स्टुलाकडे हात केला. "आजी, तुम्ही तिकडं बसा. हं, बोला दादा."

समाधाननं जेट दिले. मालकानं भिंग लावून बघितलं आणि भुवया चढवल्या.

"अहो, हे दोन्ही खलास आहेत. भोकं केवढी झालीत. थंडीत चालूच होत नसेल गाडी. कोणी शोधून काढलं हे?"

झुंबरबाई स्टुलावर ताठ बसली.

समाधाननं इकडंतिकडं बघितलं. काउंटरला चार मिस्तरी टेकले होते. "नाशिकला मित्र आहे," तो म्हणाला. "फिटर आहे तो."

"बरोबर सांगितलं तुमच्या मित्रानं." मालकानं नवे जेट काढले. छोटा एक, आणि मोठे दोन, वेगवेगळ्या आकड्यांचे. "जुन्या गाडीला ह्यातला कुठला बसेल ते लावूनच कळतं. गाडी जोरात पळवायची, तशीच बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, पांढरा आला तर कमी."

परतीच्या एसटीत झुंबरबाई सोनगीरपर्यंत काडेपेटी उघडून नवे जेट बघत होती. मग तिनं विचारलं, "मित्रनं नाव काय शे रे?"

समाधान खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, पण ते सांगण्याइतकी हिंमत त्याच्यात नव्हती. झुंबरबाईला वाईट वाटलं, बरंच वाईट वाटलं. पण सोमवार जवळ येत होता आणि रुसायला सवड नव्हती.

बुधवारी पहाटे पाचला नवे जेट लावलेली गाडी अंगणात उभी होती. पाळी दुपारची, तरी दोघं थंडीत उठले होते, कारण खरी परीक्षा थंडीतलीच. समाधाननं चोक ओढला, देवाचं नाव घेतलं आणि किक मारली. गाडी ढिम्म. दुसरी. पाचवी. ओट्यावरून आवाज आला, "सात." मग "आठ." अकराव्या किकेला गाडी सुरू झाली, भकाभका धूर सोडून बंद पडली.

"कमी व्हयन्यात हो, अक्का," धनसिंग म्हणाला. "पह्यले बत्तीस व्हत्यात."

प्लग काढला. पुन्हा काळा, पुन्हा ओला. समाधाननं तो मातीत फेकला आणि घरात जाऊन पांघरूण घेतलं. झुंबरबाई अंगणातच बसून राहिली. भोक बरोबर आहे, मग काजळी का? टपरीवर असं कधी व्हायचं? वाऱ्याला आडोसा म्हणून स्टोव्हभोवती पत्रा फार जवळ लावला की व्हायचं. जाळ गुदमरायचा.

"समाधान!" ती ओरडली. "हिले हवा कोठून लागस?"

आत खाट करकरली. चूक केली की पांघरुणात तोंड लपवायची त्याची पद्धत ती त्याच्या लहानपणापासून ओळखत होती. ती आत गेली आणि तिनं पांघरूण ओढलं.

"काय करेल शे तू?"

सीटखालचं झाकण त्यानं स्वतःच उघडलं, तोंड फिरवून. हवेच्या डब्यातला जुना स्पंज कुजून गेला होता, आणि धूळ जाऊ नये म्हणून ह्या शहाण्यानं दिवाळीच्या आधी त्यात घरचा कापूस कोंबला होता. आपल्याच रानातला, पत्तीसकट, चांगला दाबून. तो आता तेलानं काळा झाला होता आणि रात्रभराच्या दवानं ओला. झुंबरबाईनं पिळला तर थेंब पडले. दुपारी ऊन लागलं की तो वाळायचा आणि गाडी कशीबशी श्वास घ्यायची. पहाटे तिचा गळाच आवळलेला असायचा. गाडी ओढेना म्हणून समाधान निंबाकडे गेला आणि निंबाला वाटलं पेट्रोल कमी पडतंय. तिथून पिनेचं प्रकरण सुरू झालं.

सारिका दारात येऊन उभी राहिली. तिनं त्या काळ्या बोळ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं.

"भाव नई म्हनीसन घरमा ठेवेल कापूस तुम्ही गाडीले चारी दिधा का?"

आणि ती हसायला लागली. दोन महिने गाडी ढकललेली बाई, तिला हसायचा हक्क होता. झुंबरबाईही हसली. शेवटी समाधानला हसू फुटलं, आणि त्या घरात पंधरा दिवसांनी कोणी हसलं.

दुपारी त्यानं शिंदखेड्याहून नवा स्पंज आणला. गुरुवारी पहाटे गाडी चौथ्या किकेला सुरू झाली आणि सुरू राहिली. सारिकानं तिथंच हात जोडले. पण त्या दिवशी कामाला जाताना डांबरी रस्त्यावर वेग दिला की गाडी फटफट करत मागं ओढायला लागली. मायनं बजावल्याप्रमाणे समाधाननं भर वेगात चावी बंद केली, कडेला उभा राहून प्लग काढला, दुसरा लावला, आणि काढलेला रुमालात बांधून आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईनं रुमाल सोडला. प्लग चुन्यासारखा पांढरा.

"आते पेट्रोल कमी पडी ऱ्हायनं. मोठा आकडाना जेट लाव."

शुक्रवारचा प्लग रुमालातून निघाला तो बदामी रंगाचा. झुंबरबाईनं तो उजेडात धरला, उलटसुलट केला. दूध बेताचं, पत्ती चांगली उकळलेली, टपरीवर ट्रकवाले मुद्दाम थांबून प्यायचे त्या चहाचा नेमका रंग. "जमना," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. एवढ्याशा प्लगसाठी रडू येतं म्हणून ती स्वतःवरच चिडली.

मग तिनं हवेचा स्क्रू हाती घेतला. गाडी चालू ठेवून समाधाननं तिच्या हातात पेचकस दिला. ती डोळे मिटून अर्धा अर्धा फेरा फिरवत राहिली आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. आवाज चढला, आणखी चढला, मग जरा घोगरा झाला. ती एक पाव फेरा मागं आली. इंजिन एका लयीत बोलायला लागलं. स्टोव्हची फरफर अशीच कानानं जमवायची असते. डोळ्यांनी नाही.

राहिली एक गोष्ट, किक मारायची रीत. शनिवारी समाधाननं घाईघाईनं चोक ओढून, मूठ पिळून पाच किका मारल्या आणि पुन्हा पेट्रोलचा वास सुटला. झुंबरबाईनं त्याचा हात धरला.

"स्टोवले पह्यले काकडा लावतस, मंग पंप. पह्यलेच पंप मारना ते आग व्हस. चावी बंद ठेव. चोक वढ. मूठले हात लावू नको. आते दोन किका हळू मार, नुसता पेट्रोल वर येवाले. हा. आते चावी लाव. आते मार."

हीच रीत रविवारी पहाटे केली. चावी लावली आणि एक किक. गाडी सुरू झाली.

ओट्यावर धनसिंग तोंड उघडून बसला होता. मोजायला काही उरलंच नव्हतं. बऱ्याच वेळानं तो मशेरी थुंकून आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "अक्का, मन्ही बी एकदाव देखी ल्या ना. सकाळे जराखी कुरकुर करस."

"दुपारले ये," झुंबरबाई म्हणाली. "सकाळे माले टाइम नई."

सोमवार उजाडला तो त्या हिवाळ्यातला सगळ्यात थंड. अंगणातल्या रांजणाचं पाणी हाताला चावत होतं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून सारिका शेकत बसली होती, पण तिचं सगळं लक्ष गाडीकडे. समाधाननं बूट घातले होते. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. चावी बंद, चोक वर, दोन हळू किका. मग त्यानं मायकडे बघितलं. तिनं मान हलवली. चावी लावून त्यानं किक मारली, आणि गाडी पहिल्या दमात सुरू झाली. धूर नाही, ठसका नाही. सारिका उठून उभी राहिली. तिला गल्लीत धावावं लागलं नाही, ह्या आनंदात काय करावं ते तिला सुचेना, तेव्हा तिनं नवऱ्याच्या डब्यात आणखी एक भाकर घातली.

झुंबरबाई घोंगडी पांघरून मागच्या सीटवर चढली.

"माय, तू कोठे?"

"फाटाना चढवर ती कशी बोलस ते माले आयकनं शे. सातनी जीपवरी घर येसू. चाल."

वादावादीला वेळ नव्हता. गाव मागं पडलं. हरभऱ्याच्या रानांवर धुकं बसलं होतं, वारा कानशिलं कापत होता, आणि झुंबरबाई पोराच्या पाठीला कान लावून ऐकत होती. "आते चोक आरधा सोड." थोड्या वेळानं, "आते पुरा." फाट्याच्या चढावर समाधाननं मूठ पिळली आणि जुनी गाडी दोघांना घेऊन, आवाज न बदलता, वर चढून गेली. झुंबरबाईनं त्याच्या पाठीवर जोरात थाप मारली. आनंदानं तिला ओरडावंसं वाटत होतं. मग ती ओरडलीच, एवीतेवी रस्त्यावर ऐकायला कोणी नव्हतं.

कारखान्यापाशी पोचले तेव्हा सहाला वीस मिनिटं कमी होती. गेट बंद होतं. समाधाननं ते बंद गेट कितीदा तरी बघितलं होतं, पण ते अजून उघडायचं आहे म्हणून बंद असलेलं आज पहिल्यांदा बघत होता. हळूहळू बाकीचे आले. शेकोटीभोवती घोळका झाला. सहाला पाच मिनिटं असताना रुपचंद मुकादम हजेरीचं रजिस्टर काखेत मारून आला आणि समाधानला सगळ्यांच्या पुढं उभा बघून थबकला.

"अरे! आज काय मुक्कामाला इथंच होता का?"

"नाही, भाऊ. घरून आलो."

"त्याच गाडीवर?" रुपचंदनं गाडीकडे बघितलं, मग घोंगडीतल्या म्हातारीकडे. "दुरुस्त केली वाटतं. कुठल्या मिस्तरीनं केली? माझ्या मेहुण्याच्या गाडीचं असंच दुखणं आहे."

चाळीस माणसं ऐकत होती. त्या शनिवारी त्याला हसलेली पोरं त्यातच होती. झुंबरबाईनं नजर दुसरीकडे वळवली. नाशिकच्या मित्राचं नाव ऐकायची तिनं मनाची तयारी केली.

"मिस्तरी नाही," समाधान म्हणाला. त्याचा आवाज जरा फाटला, मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा झाला. "ही माझी माय आहे. झुंबरबाई. जेट हिनं ओळखला, हवा हिनं शोधली, किक कशी मारायची तेही हिनंच शिकवलं. मी फक्त पेचकस धरला."

रुपचंदनं म्हातारीकडे पुन्हा बघितलं. मग एका म्हाताऱ्या हमालानं "वा रे माय!" म्हटलं, आणि शेकोटीजवळच्या पोरांनी तिला बसायला जागा करून दिली. रुपचंदनं रजिस्टर उघडून पहिल्या ओळीत समाधानचं नाव लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "अक्का, मेहुण्याला पाठवून देतो तुमच्याकडं."

"दुपारनंतर धाडा," झुंबरबाई म्हणाली.

गेट उघडलं. समाधान अजून तिच्याकडेच बघत उभा होता.

"जाय ना आत," ती त्याच्यावर खेकसली. "लेट व्हशी."

तो आत गेला. झुंबरबाई शेकोटीजवळ बसली. गेटकडे निघालेल्या माणसांकडे ती एकेक करून बघत होती आणि हसत होती, पुढचे दोन दात नव्हते तरी तोंडावर पदर न घेता.